वाशिम जिल्ह्यातील वृद्धांचा आरोग्यविषयक खर्च : सामाजिक व आर्थिक घटकांचा प्रभाव

सारांश

वृद्धापकाळात आजारांचे प्रमाण वाढते आणि त्याच काळात उत्पन्नाचे मार्ग आटत जातात. या दोन्हींच्या कात्रीत सापडलेल्या वृद्ध व्यक्तीच्या उपचारावर किती खर्च होतो, हे केवळ आजारावर अवलंबून नसते. उत्पन्न, जमिनीची मालकी, लिंग, वैधव्य, कुटुंबाचे स्वरूप, शिक्षण व दवाखान्यापासूनचे अंतर या घटकांचाही त्यावर मोठा प्रभाव पडतो. प्रस्तुत लेखात वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात या घटकांचे विवेचन केले असून, शासकीय योजनांमुळे रुग्णालयातील खर्चाचा भार हलका होत असला तरी दरमहाच्या औषधांचा खर्च बहुतांशी वृद्धांच्याच माथी राहतो, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : वृद्ध, आरोग्यविषयक खर्च, खिशातून होणारा खर्च, आपत्तीकारक खर्च, आरोग्य विमा, निवृत्तिवेतन.

प्रस्तावना

वृद्धावस्था ही मानवी जीवनातील अपरिहार्य अवस्था आहे. वैद्यकशास्त्राची प्रगती, लसीकरण आणि साथीच्या रोगांवरील नियंत्रण यांमुळे भारतीयांचे सरासरी आयुर्मान वाढले. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा अधिक होते. आयुष्य वाढले ही समाधानाची बाब होय; परंतु वाढलेली वर्षे आरोग्यपूर्ण आहेत काय, आणि नसतील तर त्यांचा खर्च कोण उचलतो, हा प्रश्न अर्थशास्त्र व समाजशास्त्र या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांपुढे आज उभा आहे.

मुंबई येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी वार्धक्य सर्वेक्षणात ४५ वर्षे व त्यापुढील वयाच्या ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती घेण्यात आली. त्यानुसार देशातील ७५ टक्के वृद्धांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार आहे, ४० टक्के वृद्धांना कोणत्या तरी स्वरूपाचे अपंगत्व आहे आणि २० टक्के वृद्धांना मानसिक आरोग्याशी संबंधित समस्या आहेत. दीर्घकालीन आजार एका उपचाराने संपत नाही. रक्तदाब, मधुमेह, दमा, सांधेदुखी यांसाठी औषध आयुष्यभर घ्यावे लागते. म्हणून वृद्धांचा आरोग्यविषयक खर्च हा प्रासंगिक खर्च नसून घरभाडे किंवा किराणा यांसारखा दरमहाचा खर्च ठरतो.

लेखाची उद्दिष्टे व पद्धती

१) आरोग्यविषयक खर्चाची संकल्पना स्पष्ट करणे.
२) वाशिम जिल्ह्यातील वृद्धांच्या आरोग्यविषयक खर्चावर प्रभाव टाकणाऱ्या आर्थिक व सामाजिक घटकांचा आढावा घेणे.
३) शासकीय योजनांची व्याप्ती व मर्यादा तपासणे.
४) काही उपाय सुचविणे.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनसामग्रीवर आधारित असून जनगणना, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण, राष्ट्रीय आरोग्य लेखे व शासकीय निर्णय यांतील माहितीचा उपयोग करण्यात आला आहे. लेखात आलेले मासिक हिशेबाचे उदाहरण हे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतलेले कल्पित उदाहरण आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

प्राचीन काळी वत्सगुल्म या नावाने ओळखले जाणारे व वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वाशिम १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. अमरावती विभागातील या जिल्ह्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार १६० असून त्यापैकी सुमारे ८२ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. वृद्धांचे राज्याचे ९.९ टक्के हे प्रमाण जिल्ह्याला लावून पाहिल्यास त्या वेळी जिल्ह्यात सुमारे १ लाख १८ हजार वृद्ध असावेत, असा ढोबळ अंदाज करता येतो.

जिल्ह्याची अर्थव्यवस्था मुख्यतः कोरडवाहू शेतीवर उभी आहे. सोयाबीन, तूर व कापूस ही प्रमुख पिके होत. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांनी विशेष मदतीची घोषणा केली, त्यांत वाशिमचा समावेश होता. २०१८ मध्ये नीती आयोगाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्याबरोबर वाशिमचे नाव आहे. थोडक्यात, ज्या जिल्ह्यात कमावत्या पिढीचेच उत्पन्न अनिश्चित आहे, तेथे कमावणे थांबलेल्या पिढीच्या औषधपाण्याचा हा प्रश्न आहे.

संकल्पनेचे स्पष्टीकरण

आरोग्यविषयक खर्च म्हटला की डॉक्टरांची फी आणि औषधाचे बिल डोळ्यांपुढे येते. वस्तुतः या खर्चाचे तीन भाग पडतात. पहिला, प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च. त्यात तपासणी फी, औषधे, रक्त-लघवीच्या चाचण्या, क्ष-किरण, शस्त्रक्रिया व खाटेचे भाडे येते. दुसरा, उपचाराशी निगडित पण वैद्यकीय नसलेला खर्च. त्यात जाण्यायेण्याचे भाडे, सोबत आलेल्याचे जेवण व मुक्काम यांचा समावेश होतो. तिसरा, अप्रत्यक्ष खर्च, म्हणजे रुग्णाची किंवा त्याला घेऊन जाणाऱ्याची बुडालेली मजुरी. वृद्ध व्यक्ती बहुधा एकटी दवाखान्यात जाऊ शकत नाही. त्यामुळे तिच्या प्रत्येक फेरीत दोन माणसांचे भाडे आणि एका माणसाचा रोज जातो. हा तिसरा भाग कोणत्याही बिलात दिसत नाही.

विमा, शासन किंवा मालक यांच्याकडून परत न मिळणाऱ्या व कुटुंबाने स्वतः भरलेल्या रकमेला खिशातून होणारा खर्च म्हणतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात या खर्चाचा वाटा २००४-०५ मध्ये ६९.४ टक्के, २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के आणि २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के होता. घट लक्षणीय आहे. तरीही दर १०० रुपयांमागे जवळपास ४० रुपये आजही कुटुंबाच्या खिशातून जातात.

जीवनावश्यक गरजा भागविल्यानंतर कुटुंबाकडे जी रक्कम उरते तिला त्याची खर्च करण्याची क्षमता मानले जाते. आरोग्यावरील खिशातून होणारा खर्च या क्षमतेच्या ४० टक्क्यांहून अधिक झाल्यास त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रचलित मोजमापानुसार आपत्तीकारक खर्च म्हणतात. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हे मोजमाप झालेला खर्च मोजते. पैशाअभावी न घेतलेला उपचार मोजत नाही. या मर्यादेचा विचार पुढे केला आहे.

अर्थशास्त्रज्ञ मायकेल ग्रॉसमन यांनी १९७२ मध्ये आरोग्याला एक प्रकारचे भांडवल मानले. यंत्राप्रमाणे या भांडवलाचीही वयानुसार झीज होते व ते टिकविण्यासाठी उत्तरोत्तर अधिक गुंतवणूक करावी लागते. त्यापूर्वी १९६३ मध्ये केनेथ अॅरो यांनी आजार केव्हा व किती खर्चाचा येईल हे अनिश्चित असल्याने आरोग्यसेवेची बाजारपेठ इतर वस्तूंच्या बाजारपेठेपेक्षा वेगळी ठरते, असे दाखविले. वृद्धांच्या बाबतीत हे दोन्ही विचार एकत्र येतात. झीज निश्चित आहे, म्हणून नियमित खर्च हवा. संकट अनिश्चित आहे, म्हणून विमा हवा. आपल्या धोरणाने दुसऱ्या गरजेकडे जितके लक्ष दिले तितके पहिलीकडे दिलेले नाही.

आर्थिक घटक

१) उत्पन्न व निवृत्तिवेतन : शासकीय सेवेतून निवृत्त झालेल्या व्यक्तीला दरमहा निश्चित रक्कम मिळते. शेतकरी, शेतमजूर, बलुतेदार कारागीर व घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांना निवृत्ती नसते आणि निवृत्तिवेतनही नसते. अशांपैकी ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. या योजनेत मिळणारी दरमहा ६०० रुपयांची रक्कम २०१९ मध्ये १,००० रुपये आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये करण्यात आली. पात्रतेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मात्र २१,००० रुपये आहे. महिन्याला १,७५० रुपये हे उत्पन्न आजच्या मजुरीच्या दराने काही दिवसांच्या कामातच ओलांडले जाते. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला हाच अनेकदा या वृद्धांच्या मार्गातील पहिला अडथळा ठरतो.

२) हंगामी उत्पन्न : कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती पैसा वर्षातून एकदा, सोयाबीनची काढणी झाल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो. जून महिन्यात बी-बियाणे व खते यांवर शिल्लक संपते. जुलै-ऑगस्ट हे महिने हातात पैसा नसण्याचे. आणि दमा, सांधेदुखी व पावसाळी ताप यांनी वृद्ध बेजार होण्याचे महिनेही हेच. परिणामी उपचार एक तर उधारीवर होतो किंवा लांबणीवर पडतो. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेदुखी अशा तातडीच्या न भासणाऱ्या आजारांचे उपचार तर सुगीनंतर पाहू म्हणून ठरवूनच पुढे ढकलले जातात. पुढे सुगीच हाती आली नाही तर ते आणखी एक वर्ष मागे पडतात. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलमागे ४,८९२ रुपये असताना बाजारात भाव त्याखाली राहिले. अशा वर्षी घरातील कोणत्या खर्चाला कात्री लागते, हे सांगण्यास वेगळ्या पाहणीची गरज नाही.

३) उपचाराची किंमत : राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (जुलै २०१७ ते जून २०१८) बाळंतपण वगळता रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च शासकीय रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खाजगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये होता. म्हणजे खाजगी रुग्णालयात सातपटीहून अधिक खर्च येतो. असे असूनही दाखल झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ४२ टक्केच शासकीय रुग्णालयात गेले. याच पाहणीत, पाहणीच्या दिवसापूर्वीच्या १५ दिवसांत आजारी असलेल्यांचे प्रमाण सर्व वयोगटांत मिळून ७.५ टक्के, तर ६० वर्षांवरील गटात २७.७ टक्के आढळले. दाखल न होता घेतलेल्या उपचारांपैकी शासकीय संस्थांचा वाटा सुमारे ३० टक्के होता. बाह्यरुग्ण उपचारात औषधांचा खर्च सर्वांत मोठा असतो, हे लक्षात घेता वृद्धांचा दैनंदिन भार कोठे आहे हे स्पष्ट होते.

४) खर्चाची भरपाई : त्याच फेरीनुसार ग्रामीण कुटुंबांनी रुग्णालयातील खर्चासाठी ८० टक्के प्रकरणी प्रामुख्याने उत्पन्न व बचत यांचा आणि १३ टक्के प्रकरणी कर्जाचा आधार घेतला. ग्रामीण भागातील सुमारे ८६ टक्के लोकांना त्या वेळी आरोग्य खर्चाचे कोणतेही संरक्षण नव्हते. वृद्धाच्या उपचारासाठी काढलेले कर्ज फेडण्याची जबाबदारी पुढच्या पिढीवर येते, आणि याच जाणिवेने अनेक वृद्ध आपले दुखणे बोलून दाखवीत नाहीत.

सामाजिक घटक

१) लिंग व वैधव्य : स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा अधिक असते आणि विवाहसमयी पती वयाने मोठा असतो. त्यामुळे वृद्ध स्त्रियांमध्ये विधवांचे प्रमाण वृद्ध पुरुषांमधील विधुरांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. सातबारा पतीच्या व नंतर मुलांच्या नावावर, बँकेचे पुस्तक मुलाकडे, आणि स्वतःच्या नावावर असलेला दागिना लेकीसुनांच्या लग्नात गेलेला, अशी अनेक वृद्ध विधवांची स्थिती असते. अशा स्त्रीचा आरोग्यावरील खर्च कमी आढळला तर ती निरोगी आहे असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. तिला खर्च करण्याचा अधिकार नाही, हा दुसरा निष्कर्ष अधिक संभवनीय आहे.

२) कुटुंबाचे स्वरूप : एकत्र कुटुंबात वृद्धांची शुश्रूषा व खर्च विभागला जात असे. आता जिल्ह्यातील तरुण रोजगारासाठी पुणे, मुंबई, नाशिक या शहरांकडे जातात. मुलगा शहरात असल्यास पैसा येतो, परंतु दवाखान्यात नेणारे माणूस घरी नसते. मुलगा गावातच असल्यास माणूस असते, परंतु पैसा नसतो. या दोहोंपैकी एकाची उणीव बहुतेक घरांत असतेच. घरातील खर्चाचा क्रम ठरविताना मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न व पेरणी यांच्या मागे वृद्धांचा उपचार जातो. यात निष्ठुरपणापेक्षा टंचाईचा भाग अधिक आहे. तथापि आईवडिलांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांसाठी २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियमात दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्त्याची तरतूद आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट न पाळल्यास परत मिळविण्याचा मार्गही या कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करण्यास मात्र फारच थोडे वृद्ध धजावतात.

३) शिक्षण व आरोग्यविषयक समजुती : आजच्या वृद्ध पिढीत, विशेषतः स्त्रियांत, निरक्षरतेचे प्रमाण अधिक आहे. वय झाले की दुखायचेच, ही समजूत उपचार टाळण्याचे सर्वांत मोठे कारण ठरते. रक्तदाब व मधुमेह सुरुवातीला त्रास देत नसल्याने बरे वाटताच गोळ्या बंद केल्या जातात. योजनेचे कार्ड, अंगठ्याचा ठसा, आधार कार्डावरील चुकलेली जन्मतारीख यांच्या गुंतागुंतीत निरक्षर वृद्ध दुसऱ्यावर अवलंबून राहतो. म्हणजे मोफत सेवाही त्याला मध्यस्थाशिवाय मिळत नाही.

४) वस्ती व अंतर : मानोरा, मंगरूळपीर व कारंजा या तालुक्यांत बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. तांडा, वाडी किंवा आडवळणाचे खेडे येथून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठण्यासाठी वाहनाची वाट पाहावी लागते. जिल्हा सामान्य रुग्णालय वाशिम येथे व उपजिल्हा रुग्णालय कारंजा येथे आहे. गुंतागुंतीच्या आजारांसाठी वर्षानुवर्षे अकोला व नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांकडे जावे लागत असे. वाशिम येथील नवीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन राज्यातील अन्य नऊ महाविद्यालयांबरोबर ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. ते पूर्ण क्षमतेने विकसित झाल्यास जिल्ह्याबाहेरच्या फेऱ्या कमी होतील. कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाने नागपूरचा प्रवास जलद झाला, परंतु त्याचा लाभ प्रामुख्याने स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन परवडणाऱ्यांना होतो. एस. टी. महामंडळाने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास व मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास दिला, ही खरी मदत आहे. मात्र जेथे बस जात नाही तेथे ही सवलतही जात नाही. रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांना पूर्वी दिलेली भाडे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली.

शासकीय योजनांची व्याप्ती व मर्यादा

राज्यात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली व नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्व जिल्ह्यांत लागू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना १ एप्रिल २०१७ पासून महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. या योजनेत पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांबरोबरच मराठवाडा व विदर्भातील १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही सामावून घेण्यात आले व त्या १४ जिल्ह्यांत वाशिम होते. प्रति कुटुंब वार्षिक १.५ लाख रुपयांचे संरक्षण पुढे ५ लाखांपर्यंत वाढविण्यात आले व योजना सर्व नागरिकांसाठी खुली करण्यात आली. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत उपचाराचे संरक्षण देण्यात आले असून त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड दिले जाते. याशिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत वाशिमचा समावेश होता. जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा स्वतंत्र कक्ष आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी तपासणी, अशी या कार्यक्रमाची कल्पना आहे.

या योजनांचे महत्त्व निर्विवाद आहे. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार, डायलिसिस यांसारखे खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असून ते या योजनांनी आवाक्यात आणले. परंतु या विमा योजनांचे स्वरूप प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळणाऱ्या उपचाराचे आहे. रोजची गोळी, महिन्याची तपासणी, चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांचा खर्च त्यात येत नाही. साहाय्यक साधनांसाठी राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेद्वारे ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना एकवेळ ३,००० रुपये देण्याची तरतूद केली. मात्र औषधांचा प्रश्न एकवेळच्या रकमेने सुटणारा नाही. शासकीय केंद्रात औषध निःशुल्क आहे हे खरे. पण ते त्या दिवशी उपलब्ध असणे व तेथवर पोहोचणे शक्य असणे, या दोन अटी पूर्ण झाल्या तरच त्याचा अर्थ आहे.

एक उदाहरण

तांड्यावर एकटी राहणारी, ६८ वर्षांची एक विधवा आहे असे समजू. तिला १,५०० रुपये निवृत्तिवेतन मिळते व शिधापत्रिकेवर धान्य निःशुल्क मिळते. तेल, मीठ, डाळ, भाजी यांवर ती किमान ५०० रुपये खर्च करते. म्हणजे तिची खर्च करण्याची क्षमता १,००० रुपये राहते. तिला रक्तदाब व मधुमेह आहे. गोळ्यांचे ५००, डॉक्टरांच्या फीचे १५०, साखरेच्या चाचणीचे १५० व सोबतीच्या माणसासह जाण्यायेण्याचे १०० असे एकूण ९०० रुपये दरमहा लागतात असे धरू. आपत्तीकारक खर्चाची मर्यादा १,००० च्या ४० टक्के, म्हणजे ४०० रुपये आहे. तिचा खर्च या मर्यादेच्या दुपटीहून अधिक होतो. वर्षाकाठी ही रक्कम १०,८०० रुपये होते आणि ५ लाखांच्या विमा संरक्षणातून तिला यातील एक रुपयाही मिळत नाही.

आता ती काय करील? तपासणी व चाचणी बंद करून, गोळ्या दिवसाआड घेऊन ती खर्च २५० रुपयांवर आणील. हा खर्च ४०० रुपयांच्या आत असल्याने आकडेवारीत ती सुरक्षित गटात मोजली जाईल. काही काळाने तिला पक्षाघात झाला, तर मात्र रुग्णालयाचा हजारो रुपयांचा खर्च योजनेतून भरला जाईल. पक्षाघात टाळण्यासाठी लागणारे थोडके पैसे देण्याची व्यवस्था नव्हती; तो झाल्यानंतर लागणारे मोठे पैसे देण्याची मात्र आहे. घरी परतल्यावरची शुश्रूषा पुन्हा कुटुंबावर किंवा शेजारणीवर येते. खर्चाचा कमी आकडा हा सुस्थितीचा पुरावा मानण्यात किती धोका आहे, हे या साध्या हिशेबावरून ध्यानी यावे.

उपाययोजना

१) रक्तदाब, मधुमेह, दमा यांची औषधे एकावेळी दोन-तीन महिन्यांसाठी, आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपकेंद्रातून किंवा आशा कार्यकर्तीमार्फत गावातच दिली जावीत. यामुळे औषधाबरोबरच प्रवासाचा व बुडणाऱ्या मजुरीचा खर्चही वाचेल.

२) ७० वर्षांवरील व्यक्तींच्या विमा संरक्षणात बाह्यरुग्ण औषधांसाठी मर्यादित का होईना, वार्षिक रक्कम ठेवावी.

३) श्रावणबाळ योजनेची रक्कम महागाई निर्देशांकाशी जोडावी व २१,००० रुपयांच्या उत्पन्न मर्यादेचा फेरविचार करावा.

४) तालुक्याच्या ठिकाणांपुरत्या मर्यादित न ठेवता जनौषधी केंद्रे मोठ्या बाजारगावांतही असावीत. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहून दिल्यास ती स्वस्त औषधे रुग्णापर्यंत पोहोचतील.

५) आकांक्षित जिल्ह्यांच्या मूल्यमापनात आरोग्याचे निर्देशक प्रामुख्याने माता-बाल आरोग्य, पोषण व क्षयरोग यांच्याशी संबंधित आहेत. नियमित औषध मिळणाऱ्या वृद्धांचे प्रमाण हा निर्देशक जिल्हा पातळीवर त्यांच्या जोडीला घेता येईल. जे मोजले जाते त्याकडे प्रशासनाचे लक्ष जाते.

६) महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत दत्तक गावातील प्रत्येक वृद्धाकडे कार्ड आहे काय, औषध मिळते काय व ते घेतले जाते काय, एवढ्या तीन प्रश्नांची पाहणी करावी. विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव मिळेल आणि न घेतलेल्या उपचाराची नोंद प्रथमच होईल.

समारोप

वृद्धांचा आरोग्यविषयक खर्च हा केवळ वयाचा परिणाम नाही. तो कोरडवाहू शेतीच्या हंगामाशी, सातबाऱ्यावरील नावाशी, शहराकडे गेलेल्या मुलाशी आणि न येणाऱ्या बसशी निगडित आहे. गेल्या दोन दशकांत खिशातून होणाऱ्या खर्चाचे प्रमाण घटले, मोठ्या आजारांसाठी विम्याचे छत्र मिळाले आणि वाशिमला वैद्यकीय महाविद्यालयही लाभले. ही प्रगती मान्य करूनही असे म्हणावे लागते की, दाखल झालेल्या रुग्णाला मिळालेले संरक्षण घरी असलेल्या रुग्णापर्यंत अद्याप पुरेसे पोहोचलेले नाही. वृद्धावर किती खर्च झाला, याबरोबरच तो किती उपचारांवाचून राहिला, हेही विचारले गेले तरच या जिल्ह्यातील वृद्धांच्या आरोग्याचे खरे चित्र समोर येईल आणि त्यावर योग्य उपाय योजता येईल.